अमर नायकांचा कंटाळा

दिवाळीच्या सुटीत आम्ही ताडकळसास गेलो होतो. ओसरीवर मुले मोबाइलवर कोणा अमेरिकी अतिमानवाचा चित्रपट पाहत बसली होती. पडद्यावर अवघे शहर कोसळत होते, आणि मुले जांभया देत होती! आम्ही कारण पुसले, तेव्हा धाकटा पुतण्या म्हणाला, “काका, त्याला काही होत नसतंय.”

तेच तेच पाहून प्रेक्षक विटतात, असे म्हणण्याचा प्रघात आहे. आम्हांस ते पटत नाही. हरिश्चंद्राची कथा कोणास ठाऊक नव्हती? तरी फाळक्यांनी ती 1913 मध्ये पडद्यावर आणली, ‘प्रभात’ने 1932 मध्ये तिला वाचा दिली, आणि कीर्तनात ती ऐकताना आजही डोळे पाणावतात. कारण हरिश्चंद्राचे राज्य जाते, तारामती विकली जाते, रोहिदास मरतो. देव शेवटी सर्व परत देतो खरा. परंतु तोवर दुःख पुरते भोगून झालेले असते.

2019 च्या ‘अ‍ॅव्हेंजर्स : एंडगेम’मध्ये आयर्न मॅन मेला, तेव्हा आमचे विद्यार्थीही हळहळले होते. पुढे त्या मालिकेत अनेक विश्वांची युक्ती बोकाळली. एका विश्वात मेलेला दुसऱ्या विश्वातून परतू लागला. मरणच खोटे ठरल्यावर पराक्रमाची किंमत ती काय? 2023 मधील ‘द मार्व्हल्स’ हा तिचा 33 वा चित्रपट उत्पन्नात सर्वांच्या मागे राहिला.

अंगणात आमचे बंधू पावसात भिजलेले सोयाबीन उन्हात पसरीत होते. आभाळ भरून येताच पुतण्याने मोबाइल टाकला आणि तो बापाच्या मदतीस धावला. त्या वेळी त्याच्या मुद्रेवर कंटाळा मुळीच नव्हता.