कामठीचा दगड आणि दक्षिण ध्रुव

वैशाखांत जरीपटक्यास पारा ४५ अंशांवर गेला, म्हणजे दक्षिण ध्रुवाच्या बर्फाच्या गोष्टी ऐकावयास बऱ्या वाटतात. परंतु तेथील संशोधनावर सरकारनें पैसा खर्चावा असें म्हटलें, कीं त्याच मंडळींच्या कपाळास आठ्या पडतात. आपला नि त्या बर्फाचा संबंध काय, हा त्यांचा प्रश्न गैर नाहीं. मात्र उत्तरासाठीं आम्हां नागपूरकरांस फार दूर जावयास नको.

नागपुरास राहणारे मिशनरी स्टीफन हिस्लॉप ह्यांनीं ह्या मुलखांतील दगडांत उमटलेल्या वनस्पतींचे ठसे जमविले; १८६१ सालीं बनबरी ह्यांनीं त्यांचें वर्णन प्रसिद्ध केलें. त्यांत ग्लॉसॉप्टेरिस ह्या लुप्त झाडाचें जिभेच्या आकाराचें पान होतें. असे ठसे ज्यांत सांपडतात त्या एका खडकाच्या थरास आमच्या शेजारच्या कामठीचेंच नांव आहे. आतां दुसरें टोक पाहा. १९१२ च्या फेब्रुवारींत कॅप्टन स्कॉट व त्यांचे सोबती ध्रुवावरून परतत होते. अन्नाचा तुटवडा, अंगांत त्राण नाहीं. तरीहि वाटेंत त्यांनीं सुमारें ३५ पौंड दगड गाडीवर लादले आणि मरेपर्यंत टाकले नाहींत! नोव्हेंबरांत प्रेतें सांपडलीं, तेव्हां तंबूपाशीं ते दगडहि मिळाले. १९१४ सालीं सीवर्ड ह्या वनस्पतिशास्त्रज्ञानें ते तपासले, तों तेंच पान. एकेकाळीं जोडलेल्या त्या महाभूमीस जग गोंडवन म्हणतें. ज्या गोंड राजानें आमचें शहर वसविलें, त्याच्याच जमातीचें हें नांव.

१९८१ च्या डिसेंबरांत डॉ. कासिम ह्यांच्या नेतृत्वाखालीं २१ जणांची पहिली भारतीय तुकडी गोव्याहून निघाली व ९ जानेवारी १९८२ रोजीं तेथें उतरली. आज वास्को येथें ध्रुवीय संशोधनाची राष्ट्रीय संस्था आहे. मैत्री व भारती हीं ठाणीं तीच चालविते.

तेथील खोल बर्फांत कोंडलेल्या हवेच्या बुडबुड्यांवरून ८ लक्ष वर्षांची हवा तपासतां आली आहे. त्या साऱ्या काळांत कर्बद्विप्राणिल वायू आजच्याइतका कधींच नव्हता. तेथील सर्व बर्फ वितळला तर समुद्र सुमारें ५८ मीटर चढेल. तें हजारों वर्षांचें काम खरें. पण कोंकणच्या खाजणांस एक मीटरहि पुरे. नागपूर समुद्रसपाटीहून ३०० मीटरांवर आहे, असें कोणी सांगेल. पण आमच्यापैकीं किती घरांतील मुलगा अथवा लेक मुंबईस नाहीं?