करडे चौकोन

प्रदर्शनाला नऊ दिवस उरले होते आणि माझ्या नकाशात लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याचा अख्खा जुलै कोरडा दिसत होता. चहूबाजूंना निळा पाऊस, मधे हा एकच वाळलेला तुकडा. दोन तास शोधल्यावर उलगडा झाला. त्या महिन्यात पर्जन्यमापकाची नोंदच नव्हती. तक्त्यातले रकाने रिकामे होते आणि बेरीज करताना माझ्या प्रोग्रॅमने प्रत्येक रिकाम्या रकान्याचं शून्य केलं होतं. पाऊस पडला नाही आणि पाऊस मोजला नाही, या दोन गोष्टी मी एक करून टाकल्या होत्या.

मग इतर तालुक्यांचं काय? तळहातांना घाम फुटला. मराठवाड्याचे आठ जिल्हे, तीस पावसाळे. जुन्या कागदांत धाराशिव उस्मानाबाद असतं, १९९९ पूर्वीची हिंगोली परभणीच्या पोटात सापडते. त्यावर माझा बेत असा, की वर्ष सरकवलं की नकाशा हलेल, बाजूला धरणांचा साठा, खाली पेरणीचं क्षेत्र. त्या आठवड्यात भीती वाढेल तशी मी एकेक आलेख वाढवत गेले होते. घाबरलेल्या माणसाला काढून टाकणं सुचत नाही, तो भरच घालत राहतो. हे मी स्वतःच्या बाबतीत तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

रात्री लॅपटॉप मिटला आणि औशाकडच्या मामांना फोन लावला. कामाचं काही बोलायचं नव्हतं, पण मी तेच बोलले. मामा शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "अगं, किती पडला ते घेऊन काय करू? कवा पडला ते सांग की. मृगात पेरलं, पुढं खंड पडला, मघा कोरड्या गेल्या, तर सोयाबीनच्या शेंगा भरत्यात का? मग भादव्यात धो धो पडून सरासरी गाठली तरी आमच्या पदरात काय?"

२०२३चा ऑगस्ट मला आठवला. १९०१पासूनच्या नोंदींत देशभरातला सर्वांत कमी पावसाचा ऑगस्ट. हंगामाची बेरीज मांडणाऱ्या माझ्या नकाशात त्या महिन्याला कुठेच जागा नव्हती.

सकाळी कागद घेतला. जून ते सप्टेंबर म्हणजे १२२ दिवस, म्हणून एका ओळीत १२२ बारीक चौकोन. एक ओळ म्हणजे एक पावसाळा. हवामान खात्याच्या हिशेबात २.५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पडला तरच तो पावसाचा दिवस. तो निळा. बाकीचे पांढरे. आणि ज्या दिवसाची नोंद नाही, तो करडा. वर तारखांच्या जोडीला मृग, आर्द्रा, पुष्य, मघा. एवढंच. आठ जिल्ह्यांऐवजी एकच तालुका, तीस ओळी. ब्रिटिश हवामानशास्त्रज्ञ एड हॉकिन्स यांनी २०१८मध्ये तापमानवाढ दाखवताना दर वर्षाला एक रंगीत पट्टी दिली आणि आकडे, अक्ष सगळे पुसून टाकले. ते चित्र मला फार वर्षांपासून आवडतं, पण तेवढं सोडून द्यायला मन किती स्थिर लागत असेल, हे त्या सकाळी कळलं. हलत्या नकाशावर माझे तीन आठवडे गेले होते. ती फाईल बाजूला ठेवताना गळा दाटून आला.

पुढचे दिवस निवांत गेले, हे सांगताना मलाच नवल वाटतं. काम कमी नव्हतं. ३,६६० चौकोन मूळ नोंदवहीच्या प्रतींशी ताडून पाहायचे होते. आई तांदूळ निवडायला बसायची तशी मी बसायचे, एका वेळी एक ओळ. श्वास आपोआप संथ व्हायचा. करडे चौकोन सापडले की आता धडकी भरत नव्हती. त्यांना त्यांची जागा मिळाली होती.

प्रदर्शनाला मामा आले. चष्मा कपाळावर सरकवून चित्राच्या अगदी जवळ उभे राहिले, आणि बोट एका ओळीवरून डावीकडून उजवीकडे नेऊ लागले. पांढऱ्या पट्ट्यापाशी बोट मंदावलं. "इथं दुबार पेरणी केली आपण," ते म्हणाले. दोन ओळी खाली करड्या चौकोनांवर थांबले.

"हे काय गं?"

"नोंद नाही, मामा."

ते बराच वेळ बघत राहिले. "पोळ्याच्या आदल्या सांजेला पडला होता त्या साली. बैलं धुवून आणली अन् वाटेत पुन्हा भिजली."

चौकोन मी करडाच ठेवला. पिशवीतून वही काढली आणि त्यांना म्हटलं, "मामा, सावकाश सांगा, लिहून घेते."