वायूच्या पडद्याआडची ग्रंथी

स्वादुपिंड, म्हणजे पाचकरस आणि इन्सुलिन ही दोन्ही द्रव्ये तयार करणारी, जठराच्या मागे पाठीच्या कण्यावर आडवी पसरलेली ग्रंथी, पोटाच्या सोनोग्राफीत सर्वांत उशिरा हाती लागते. कारण तिच्यापुढे जठर व मोठे आतडे यांतला वायू असतो आणि ध्वनिलहरी वायू भेदून पलीकडे जात नाहीत. म्हणून तपासणारा यकृताच्या डाव्या खंडातून वाट काढतो, रुग्णाला कुशीवर वळवतो, उठवून बसवतो, प्रसंगी पाणी पाजून जठर भरून घेतो आणि आधी ग्रंथीच्या पाठीशी वाहणारी प्लीहेची नीला शोधतो. नदी सापडली की काठावरचे गाव सापडते.

वाराणसीत या कौशल्याची एक वेगळीच कसोटी लागते. गंगेच्या मैदानात पित्ताशयाचा कर्करोग देशाच्या इतर अनेक भागांहून अधिक आढळतो. बनारस हिंदू विश्वविद्यालयाच्या आवारात 2019 साली सुरू झालेले, मुंबईच्या टाटा मेमोरियल सेंटरचे महामना पंडित मदनमोहन मालवीय कर्करोग केंद्र अशाच प्रदेशाची सेवा करते. अशा ठिकाणी कावीळ झालेला, म्हणजे तिथल्या बोलीत ‘पीलिया’ झालेला, रुग्ण समोर आला की लक्ष प्रथम पित्ताशयाकडे जाते, आणि ते योग्यही आहे. मात्र तिथेच थांबले तर स्वादुपिंडाच्या शिरोभागातली गाठ निसटते. पित्ताशयाचा कर्करोग पसरून पित्तमार्ग अडवतो तेव्हा अडथळा बहुधा वर, यकृताच्या दारापाशी असतो आणि त्याखालची पित्तनलिका फुगत नाही; याउलट नलिका खालपर्यंत रुंद, पित्ताशय ताणलेले आणि स्वादुपिंडाची स्वतःची नलिकाही फुगलेली दिसली, तर गाठ अजून दिसत नसली तरी ती त्या दोन नलिकांच्या संगमापाशी शोधावी लागते. ताणलेल्या, न दुखणाऱ्या पित्ताशयाचा हा इशारा स्विस शल्यचिकित्सक कूर्वाझिए यांनी 1890 मध्येच, यंत्राविना, नोंदवला होता. सर्वसाधारणपणे 3 मिलिमीटरच्या आत असणारी स्वादुपिंडाची नलिका गाठीच्या आधी बोलते, आणि ते ऐकण्यातच या कलेचे खरे मर्म आहे.

द्रवाने भरलेल्या पुटींचे, म्हणजे सिस्टचे, निदान याहून अवघड, कारण चित्र सारखे असून अर्थ वेगळे असतात. स्वादुपिंडाचा दाह होऊन गेलेल्या माणसातली पुटी बहुधा खोटी, स्वतःचे अस्तर नसलेली असते. मध्यमवयीन स्त्रीच्या ग्रंथीच्या शेपटीकडे दाहाचा इतिहास नसताना आढळलेली, जाड पडद्यांची पुटी श्लेष्मा स्रवणारी असू शकते आणि पुढे कर्करोगाकडे वळू शकते. मधाच्या पोळ्यासारख्या सूक्ष्म कप्प्यांची सीरस, म्हणजे पातळ द्रवाची, पुटी तर इतकी दाट परावर्तन देते की ती घन गाठ भासते, आणि ती बहुतेकदा निरुपद्रवी असते. तपासणीसाठी पुटीत सुई घालण्यापूर्वी रक्तप्रवाह दाखवणारा कलर डॉपलर लावलाच पाहिजे. दाहाने झिजलेल्या रोहिणीचा फुगा पुटीसारखाच काळा दिसतो आणि त्यात टोचलेली सुई जीव घेऊ शकते.

एवढे करूनही शेपटी वायूआड राहिली, तर अहवालात ‘स्वादुपिंड सामान्य’ असे लिहू नये. ‘शेपटीचा भाग दिसला नाही’ असे स्पष्ट लिहावे, म्हणजे पुढचा डॉक्टर सीटी स्कॅन किंवा जठरातून आत नेलेल्या दुर्बिणीच्या टोकावरची, अवघ्या काही मिलिमीटर अंतरावरून ग्रंथी पाहणारी सोनोग्राफी करून घेईल.