नाकावरचा विश्वास

तापातून उठले, पण वास परतला नव्हता. त्या दिवसांत ‘द ट्रफल हंटर्स’ हा २०२० चा माहितीपट पाहिला. इटलीत पिएमाँतच्या रानात म्हातारी माणसं कुत्र्यांना घेऊन पांढरं ट्रफल शोधतात. ही बुरशी झाडांच्या मुळांशी, जमिनीखाली वाढते. वर काहीच दिसत नाही. सगळी भिस्त कुत्र्याच्या नाकावर. त्यातला एक एकटा म्हातारा माझ्या मनाला फार लागला. ट्रफलच्या जागा तो कुणाला सांगत नाही; त्याला घोर आहे तो एकच, आपल्यामागे आपल्या कुत्रीचं कोण करणार?

पुढे एका पहाटे मार्केट यार्डात गेले. पालेभाजीच्या गाळ्यासमोर ओल्या गोणपाटावर कोथिंबिरीचा ढीग होता, मुळांना काळी माती तशीच. जुडी नाकाशी धरली. आधी काहीच नाही. मग माती आली; कोथिंबीर नाहीच. पाठीवर पोतं घेतलेला हमाल ओरडला, तेव्हा बाजूला झाले. इतकं पुसट काही आपल्याला इतकं का हवं असतं, कळेना.

तिथे खोक्यांत बटण मशरूम होते, बंद खोलीत वाढवलेले. रानातली अळंबी वेगळी. वाळवी वारुळात बुरशी जोपासते आणि पावसाळ्यात तिचीच अळंबी वर येते. तिच्याही जागा घरातल्या घरातच सांगितल्या जातात. ती कुठे दिसली, तर सगळी काढू नका. काही पुरती उमलू द्या, आणि वारूळ मोडू नका.