उतरून करायचं काय?

आमच्या लहानपणी कोकणची बोट होती. भाऊच्या धक्क्यावरून सकाळी सुटायची आणि हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी अशी एकेक बंदरं घेत खाली जायची. बोट बंदराला लागते तशी माणसालाही लागते, आणि आमच्या घराण्यात ती या दुसऱ्या प्रकारेच जास्त लागे. आमच्या बंदरात ती खोल पाण्यात उभी राहायची. मग किनाऱ्यावरून पडाव यायचा, त्यात आधी ट्रंका, मग वळकट्या, मग म्हाताऱ्या आणि शेवटी आमच्यासारखी पोरं अशा क्रमाने सामान उतरवलं जायचं. पोरं ही सामानातच धरलेली असत.

त्या बोटीवर ‘उतरून करायचं काय?’ असं कोणी विचारलं असतं, तर लोकांनी त्याला उलटी झाली असेल म्हणून लिंबू दिलं असतं. उतरायचं म्हणजे घरी जायचं. उतरून, हिंडून, संध्याकाळी परत त्याच बोटीत चढणारा माणूस मी तेव्हा पाहिला नव्हता.

या गोष्टीला साठ वर्षं होत आली. कोकणची बोटही बंद पडून जमाना झाला. आणि गेल्या वर्षी चिरंजीवांनी आमच्या लग्नाच्या वाढदिवसाची भेट म्हणून आम्हां दोघांना क्रूझवर पाठवलं. विचारलं नाही, पाठवलं. भरलेले पैसे परत मिळत नाहीत असं त्याने सांगितल्यावर सौभाग्यवतीने बॅग भरायला घेतली. सेशेल्सहून निघायचं आणि हिंदी महासागरातली बेटं घेत घेत फिरायचं, असा एकूण बेत होता.

या बोटीवर रोज संध्याकाळी केबिनच्या दाराखालून एक कागद आत सरकायचा. उद्या कोणतं बेट, बोट किती वाजता लागणार, किती वाजता सुटणार, आणि खाली ‘किनाऱ्यावर करण्याजोग्या गोष्टी’. पोर्ट लुईच्या आदल्या दिवशी त्या कागदावर चौदा गोष्टी होत्या. शामारेलची सात रंगांची माती. गंगा तलाव, आणि त्याच्याजवळची शंकराची १०८ फुटी मूर्ती. शिडाच्या होडीतून सफर. चौदाव्या क्रमांकावर ‘नुसतं पडून राहणं’ होतं, आणि त्यालाही पैसे होते. सात रंगांची माती दोघांना पाहायला जो आकडा लिहिला होता, त्यात आमच्या सोसायटीचा जिना सात रंगांत रंगवून झाला असता.

“आपण आपलं जाऊ,” सौ. म्हणाली.

जेवणाच्या टेबलावर आमच्यासोबत नागपूरचे एक गृहस्थ असायचे. त्यांची ही चौथी क्रूझ. ते कुठेच उतरत नसत. “सगळे खाली गेले की तलाव मोकळा असतो, जेवणाला रांग नसते. बेटाचं काय, ते वरून दिसतंच नं!” त्यांना मी मनातल्या मनात हसलो. तसं हसायला नको होतं, हे पुढे कळलं.

बोट सकाळी आठला लागली. प्रवाशांनी संध्याकाळी पाचच्या आत वर यावं, साडेपाचला बोट सुटेल आणि कोणासाठी थांबणार नाही, असं तीन-तीनदा सांगितलं गेलं. इथे माझ्या घड्याळाबद्दल सांगायला हवं. मनगटावरचं घड्याळ मी परदेशी गेलो तरी बदलत नाही. आपली वेळ ती आपली वेळ. मॉरिशस आपल्या दीड तास मागे आहे, तेव्हा पाहायचं आणि दीड वजा करायचा. शाळेत गणिताला बरा होतो मी.

बंदराच्या फाटकाबाहेर टॅक्सीवाले उभे होते. त्यांतल्या एका पन्नाशीच्या गृहस्थाशी माझी इंग्रजीत आणि हिंदीत घासाघीस चालली होती. सौ. मागून मराठीत म्हणाली, “एवढ्यात हो म्हणू नका. निम्म्यावर येईल तो.”

त्या गृहस्थांनी तिच्याकडे वळून नमस्कार केला. “निम्म्यावर येणे शक्य नाही, बाई. परंतु थोडे कमी करता येईल.”

सौ.चा चेहरा असा पडलेला मी पंचेचाळीस वर्षांत पाहिला नव्हता.

मॉरिशसमध्ये मराठी माणसं आहेत, हे मी कुठेतरी वाचलं होतं. पण वाचलेलं एकदम समोर उभं राहून भाडं सांगायला लागलं की माणूस गडबडतो. यांचे पूर्वज कोकणातून मजूर म्हणून गेलेले. तिथे शाळेत मराठी हा विषय घेता येतो आणि गणेश चतुर्थीला देशाची सार्वजनिक सुट्टी असते. यांची मराठी शाळेतली. त्यामुळे एकही शब्द इंग्रजी नाही. “आपली नौका किती वाजता प्रस्थान करते?” असं त्यांनी विचारलं, आणि मी उत्तर दिलं, “साडेपाचला डिपार्चर आहे, पण बोर्डिंग पाचला क्लोज होतं.” दोघांतला परदेशी कोण, हे ऐकणाऱ्याने ठरवावं. भाडं अर्थातच त्यांनी सांगितलं तेच ठरलं.

त्यांनी आधी आम्हांला नैसर्गिक इतिहासाच्या संग्रहालयात नेलं. तिथे डोडोचा सांगाडा आहे. या बेटावर उतरून करायचं काय, हा प्रश्न १५९८ साली डच खलाशांना पडला होता. त्यांची यादी आमच्यापेक्षा आटोपशीर होती: गोडं पाणी भरणं आणि ताजं मांस मिळवणं. उडता न येणारा, माणसाचं भय ठाऊक नसलेला डोडो त्यांना आयताच सापडला. मांस शिजून मऊ होईना म्हणून त्यांनी त्याचं नाव ‘किळसवाणा पक्षी’ असं ठेवलं. म्हणजे नावं ठेवत ठेवत खाल्ला. ही पद्धत लग्नाच्या पंगतीत आपल्याकडेही आहे. उरलेलं काम बोटींमधून उतरलेल्या उंदरांनी, डुकरांनी आणि माकडांनी केलं. १६६२ नंतर डोडो दिसल्याची खात्रीची म्हणावी अशी नोंद नाही. चौसष्ट वर्षांत जात संपली. “कसा विश्वासाने उभा आहे बघा,” सौ. सांगाड्याकडे पाहत म्हणाली. बाहेर काचेच्या दारात मला माझं प्रतिबिंब दिसलं. गळ्यात कॅमेरा, सहा दिवसांचं बोटीवरचं जेवण अंगावर, आणि जो भेटेल त्याच्याजवळ विश्वासाने जाण्याची तयारी. मी पोट आत घेतलं.

मग १८४७ ची तिकिटं पाहिली. एक पेनीचं तांबडं आणि दोन पेन्सचं निळं. दोन्ही पोस्टाची. उजेडाने रंग उडू नये म्हणून अस्सल तिकिटांवर तासातून काही मिनिटंच दिवा लावतात. आम्ही पोचलो आणि दिवा गेला. पुढच्या दिव्याची वाट पाहण्यात जवळजवळ तास गेला. तिकिटं चांगली आहेत.

बाजारात मात्र आमचा वेळ सार्थकी लागला. तिथे धोल पुरी नावाचा पदार्थ मिळतो. नाव ऐकून मी ढोलाएवढी टम्म पुरी अपेक्षिली होती. हातात आली ती कागदात गुंडाळलेली, मऊसूत पोळ्यांची जोडी. सुटी एक मागितली तर विकणारा असा पाहतो, की जणू आपण एकच चप्पल मागितली. आत डाळीचं सारण, वर पावट्यासारख्या मोठ्या दाण्यांची रस्साभाजी, टोमॅटोचं काहीतरी आणि हिरवी चटणी. सौ.ने एक घास घेतला, डोळे मिटले आणि निकाल दिला, “पुरणपोळी आहे. गूळ घालायला विसरलेत.” हा पदार्थ बिहारकडच्या मजुरांबरोबर आला, आणि गूळ कोणी विसरलेला नाही, हे मी समजावून सांगत होतो तोवर तिने दुसरी जोडी मागवली होती. वर सब्जा घातलेलं आलुदा प्यायलो. आपला फालुदाच तो. बोटीवरून प्रवास करताना नावं थोडी भिजतात. तिने प्रत्येक पदार्थाचे इतके फोटो काढले की तिच्या फोनचा जीव तिथेच गेला. हे महत्त्वाचं आहे, कारण बोटीची वेळ दाखवणारी आमच्याजवळची एकमेव वस्तू तो फोन होता.

“आता एक स्थळ माझ्या इच्छेचे,” गाडी सुरू करत ते म्हणाले. “त्याचे भाडे नाही.”

ते स्थळ म्हणजे आप्रवासी घाट. बंदराला लागूनच काळ्या दगडाच्या काही जुन्या इमारती आहेत आणि एक जिना. सोळा पायऱ्या. १८३४ च्या २ नोव्हेंबरला कलकत्त्याहून ‘अॅटलस’ नावाची बोट छत्तीस मजूर घेऊन इथे आली. ऊसमळ्यावर काम, महिना पाच रुपये. गुलामगिरी बंद होत होती, मळेवाल्यांना हात हवे होते. १८४९ साली हा घाट बांधायला घेतला आणि १९२० पर्यंत हिंदुस्थानातून जवळजवळ पाच लाख माणसं या बेटावर उतरली. २००६ साली युनेस्कोने ही जागा जागतिक वारशात घेतली. बोटीच्या चौदा गोष्टींत तिचं नाव नव्हतं. तिकीट नसलेल्या जागा त्या कागदावर येत नसाव्यात.

सौ. पायऱ्या मोजत चढली. मी खाली उभा होतो. या पायऱ्यांवरून चढलेल्यांत कोणाला बोट लागली असेल आणि कोणी लिंबू दिलं असेल, असं काहीतरी माझ्या डोक्यात आलं. एवढ्यात ते गृहस्थ माझ्याजवळ आले. त्यांनी खिशातून घडी करून प्लॅस्टिकमध्ये जपलेला एक कागद काढला.

मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत या मजुरांची जुनी दफ्तरं आहेत. तिथून त्यांनी आपल्या खापरपणजोबांच्या नोंदीची प्रत मिळवली होती. कारकुनांनी माणसाचं पाळण्यातलं नाव लिहून घेतलं आणि तेच पुढे खानदानाचं आडनाव झालं. क्रमांक, वय, उंची, सगळं होतं. जिल्ह्यापुढे रत्नागिरी, तेही गोऱ्या कानाने ऐकलेलं. आणि गावापुढे इंग्रजी अक्षरांत एकच शब्द होता. ‘वारी’.

“आपण कोकणचे,” ते म्हणाले. “हे गाव कोठे आहे? माझ्या वडिलांनी पुष्कळांस विचारले. मीही विचारतो.”

गोरा कारकून ‘ड’ चा ‘र’ करतो, एवढं माझ्या लगेच लक्षात आलं. वाडी! पण कोकणात कोणाला गाव विचारा, तो वाडी सांगतो. वरची वाडी, खालची वाडी, बामणवाडी, सुतारवाडी. त्या बिचाऱ्याने साहेबाला खरं तेच सांगितलं असणार. मी विचार करण्यासाठी वर पाहिलं, आणि नंतर सवयीने घड्याळाकडे पाहिलं. पाचला दहा कमी होते.

माझ्या पोटात गोळा आला. बोट कोणासाठी थांबणार नाही! पासपोर्ट बोटीवर, रक्तदाबाच्या गोळ्या बोटीवर. मी सौ.ला हाक मारली, गाडीकडे धावत सुटलो आणि धावता धावता म्हणालो, “सावंतवाडी! नक्की सावंतवाडी! आमच्याकडे तिला नुसतं वाडीच म्हणतात!”

ते क्षणभर थांबले. त्यांनी आपल्या घड्याळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, काही बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. वडीलधाऱ्यांना उलट बोलू नये, हा धडाही त्यांच्या मराठीच्या पुस्तकात असावा. गाडी त्यांनी जोरात हाकली. वाटेत एकदा “सावंतवाडी” असं स्वतःशीच म्हणून पाहिलं. मग घरी फोन लावला आणि क्रिओलमध्ये भराभर काही सांगितलं. त्यातला मला एवढा एकच शब्द कळला. तोही चारदा आला. पलीकडून कोणी म्हातारी बाई मोठमोठ्याने बोलत होती. भाडं त्यांनी घेतलं नाही. किती आग्रह केला तरी नाही. नंबर मात्र दिला-घेतला.

धापा टाकत आम्ही बोटीवर आलो. बोटीवर चिटपाखरू नव्हतं. तलावात नागपूरचे गृहस्थ उताणे तरंगत होते. “अरे! इतक्या लवकर?” ते म्हणाले. त्यांच्या डोक्यावरच्या घड्याळात तीन वाजून चाळीस मिनिटं झाली होती.

दीड वजा करायचा राहिला होता.

ते निमूटपणे सोसलं असतं. पण डेकवर खुर्चीत बसून चहा घेताना, म्हणजे ज्या स्वस्थपणे मी त्या कागदाकडे पाहायला हवं होतं तसा स्वस्थ झाल्यावर, मला आठवलं की सावंतवाडी हे संस्थान होतं. इंग्रजांच्या रत्नागिरी जिल्ह्यात ते नव्हतंच. कागदावर जिल्हा तर स्पष्ट लिहिला होता. कारकुनाने चूक केली असेल, नाही असं नाही. पण एकाच कागदावर एकाच कारकुनाने दोन चुका माझ्या सोयीसाठी कशाला कराव्यात? बोट सुटायला अजून दीड तास होता. फाटकापर्यंत जाऊन यावं म्हणून मी उठलो, आणि ‘आता ते कुठले तिथे असायला’ असं म्हणून पुन्हा बसलो. साडेपाचला बोट सुटली तेव्हा मी त्या बाजूच्या कठड्याला मुद्दामच गेलो नाही.

गेल्या महिन्यात त्यांचा निरोप आला. सोबत ऐंशीच्या पुढच्या एका बाईंचा फोटो. ते आणि त्यांच्या मातोश्री डिसेंबरात भारतात येत आहेत. कोकण रेल्वेची चौकशी केली आहे. शेवटी लिहिलं होतं, ‘सावंतवाडीस उतरून काय काय करावे, हे कृपया कळवावे.’

“खरं काय ते लिहून टाका,” सौ. म्हणाली. आधी तिने कपाळाला हात लावला, तो भाग सोडून देतो.

खरं लिहायचं तर ते आधी ठाऊक हवं. म्हणून मी जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या, नावात नुसतं वाडी असलेल्या गावांची यादी करायला घेतली आहे. सिंधुदुर्ग १९८१ साली वेगळा झाला, त्यामुळे मालवण आणि वेंगुर्लंही धरावं लागतं. रोज जेवणानंतर दोन तास बसतो. राजापूर तालुका अजून संपलेला नाही.