खानदेशच्या दगडांतील हवा

गेल्या वैशाखांत मुंजीनिमित्त धुळ्यास आत्याबाईंकडे जाणें झालें. समारंभ आटोपल्यावर पुतण्यानें लळिंगच्या किल्ल्याचा हट्ट धरला. मुंबई-आग्रा रस्त्यानें दक्षिणेस थोडें गेलें कीं तो लागतो. किल्ल्याचा इतिहास पुष्कळांनीं लिहिला आहे. आमचें लक्ष पायाखालच्या दगडानेंच वेधलें. त्यांत जोंधळ्याएवढीं, बोराएवढीं भोकें होतीं. जणूं जाळी पडलेला अनारसाच!

सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीं ही भूमि भेगाळून तप्त शिलारस बाहेर लोटला. धुळ्याच्या परिसरांत माळांवरून काळ्या दगडी भिंती लांबच लांब गेलेल्या दिसतात, त्या कोणा राजानें बांधलेल्या नव्हेत. भेगेंत थिजलेला तो रसच होय. रसांतील वायु बुडबुड्यांच्या रूपानें निसटत असतां थर गोठला. वायु गेला, त्याचें घर राहिलें. पुढें झिरपत्या पाण्यानें कित्येक घरांत स्फटिक मांडले. जळगांवकडील खाणींतले शुभ्र व फिकट हिरवे स्फटिक परदेशच्या संग्रहालयांतही मानानें ठेवलेले आहेत.

पण वायु गेला कोठें? आपल्या हवेंत. पृथ्वीचें प्राचीन वातावरण बव्हंशीं अशाच ज्वालामुखींच्या उच्छ्वासांतून घडलें. त्यांत वाफ, नत्रवायु आणि मुलें शाळेंत ज्याला कार्बन डायऑक्साइड म्हणतात तो कर्बाम्लवायु होता. मोकळा प्राणवायु जवळजवळ नव्हताच. तो पाण्यांतल्या सूक्ष्म जीवांनीं सूर्यप्रकाशाच्या साहाय्यानें निर्माण केला, व सुमारें २४० कोटी वर्षांपूर्वीं तो हवेंत सांठूं लागला. आज हवेच्या शंभर भागांत तो २१ भाग आहे.

खानदेशचा उच्छ्वास त्या मानानें अगदीं अलीकडचा. त्यानेंही हवेंत कर्बाम्लवायु ओतून पृथ्वीची ऊब वाढविली. त्याच सुमारास प्रचंड सरड्यांची जात नष्ट झाली. दोष मेक्सिकोंत आदळलेल्या अशनीचा अधिक कीं आपल्या काळ्या दगडाचा, यावर पंडितांचा वाद अजून चालूच आहे.

मौज अशी कीं, दगडानें दिलेला वायु दगडच परत घेतो. पावसाच्या पाण्यांत तो विरघळतो, त्या आंबूस पाण्यानें खडक झिजतो, आणि वायूचा कांहीं अंश चुन्याशीं बांधला जाऊन समुद्राच्या तळाशीं जातो. कांहीं मात्र येथेंच राहतो. पारोळें, एरंडोल मागें टाकून जळगांवास मावसभावाच्या शेतीवर गेलों, तेव्हां काळ्या मातींत चुनखडीचे पांढरे खडे दिसले. भावाला त्यांचा मनस्वी राग. मीं एक उचलून पुतण्याला दिला.

रात्रीं गच्चीवर त्यानें विचारलें, "काका, भुसावळजवळ दीपनगरला कोळसा जाळतात, त्या वायूचा असा खडा व्हायला किती दिवस लागतील?"

आपल्याकडील बहुतेक दगडी कोळसा पंचवीस कोटी वर्षांहून जुन्या अरण्यांचा. त्यांनीं हवेंतून घेतलेलें आपण दोनचार पिढ्यांत परत करीत आहों. यंत्रयुगापूर्वीं हवेच्या दहा लक्ष भागांत कर्बाम्लवायु सुमारें २८० भाग होता. आतां तो ४२० च्या वर गेला आहे.

"लक्षावधि वर्षें," मी म्हणालों.

तो गप्प झाला. जळगांवची ती वैशाखांतली रात्र. गच्चीवर वाऱ्याचें नांव नव्हतें. थोड्या वेळानें आम्ही खालीं आलों आणि पंखा लावून निजलों.