मुख्य तक्रार

सर्जापूर रोडवरची वाहनांची गर्दी ओसरायला रात्रीचे दहा वाजतात. मग मी ‘बाह्मनी’ उघडते. रुग्णनोंदींची ही मुक्तस्रोत प्रणाली छत्तीसगडमधल्या गनियारीच्या जन स्वास्थ्य सहयोग रुग्णालयासाठी उभी राहिली. तिचा पाया २००४ साली सुरू झालेल्या ‘ओपनएमआरएस’चा. कोडला हात लावायची भीती वाटली, म्हणून मराठी शब्दांपासून सुरुवात केली.

‘चीफ कम्प्लेंट’पुढे ‘मुख्य तक्रार’ लिहिलं आणि फोनवर आईला विचारलं, कसं वाटतं?

“माझी कुणाबद्दल काही तक्रार नाही गं.”

छातीत दुखत होतं तेव्हा डॉक्टरांनाही तिनं हेच सांगितलं होतं. त्यात दोन दिवस गेले होते.

ओळ खोडली. लिहिलं, ‘काय त्रास होतोय?’

माझं पहिलं योगदान एवढंच, तीन शब्दांचं.